किसलं की दम खा

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं कधीपासून, हे तिला विचारलंत तर ती म्हणेल, "मला? माझ्या कशाला पोटात दुखेल?" पण दिवस ठरलेला आहे. ती तापानं फणफणून पडली आणि तिच्या जागी धाकटीनं सॉस केला, तो दिवस.

घर असं होतं: खाली खाणावळ, वर राहायच्या खोल्या. आठ टेबलं, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे तीन पायऱ्या आणि एवढंसं अंगण. सासूबाईंनी ही खाणावळ उभी केली. आता त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून त्या बाहेर गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायच्या. थोरलीचा नवरा भट्टीवर मांस भाजायचा. धाकट्याची नोकरी दुसरीकडे होती आणि त्याची बायको, म्हणजे आपली धाकटी, लग्न होऊन आठ महिने झाले होते, ती पडेल ते काम करायची.

भाजलेलं मांस त्या रस्त्यावर आणखी चार ठिकाणी मिळायचं आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन ठिकाणी याहून बरं मिळायचं. लोक इथे यायचे ते टेबलावरच्या वाटीसाठी. वाटीत पांढरा सॉस, हॉर्सरॅडिशचा. हे हॉर्सरॅडिश म्हणजे एक मूळ. मुळ्याच्याच जातीतलं, पण मुळा त्याच्यापुढे अगदी देवमाणूस. मनगटाएवढं जाड, हातभर लांब, अंगाला माती. अख्खं असतं तोवर ना वास ना काही, गरिबासारखं पडून असतं. सोलून किसायला घेतलं की मग त्याचे गुण कळतात. नाकातून जे शिरतं ते थेट टाळूला जाऊन बसतं, आणि माणूस भर दुपारी, काही कारण नसताना, आई मेल्यासारखा रडायला लागतो. किसावर व्हिनेगर घालायचं, मीठ, चिमूटभर साखर, शेवटी घट्ट साय. झाला सॉस. एवढंच तर आहे, असं थोरली म्हणायची, आणि बारा वर्षं तो तिनं केला होता.

आणि कसा केला होता! किसणी परातीत उभी धरून, ओठ घट्ट मिटून, एका दमात. डोळ्यांतून धारा लागल्या तरी हात थांबायचा नाही. शेवटचा तुकडा किसून झाला की दुसऱ्या क्षणाला व्हिनेगरची बाटली हातात. नाक पुसायची ते सगळं आटपल्यावर. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला शिकवताना सांगितलं होतं, "किसलं की दम खा, मग व्हिनेगर घाल." तेव्हा ती बावीस वर्षांची, अंगात रग. तिला वाटलं, म्हातारी आपली परीक्षा बघतेय. "मी नाही दमत, आई," असं म्हणून तिनं बाटली उपडी केली. सासूबाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. थोरलीला वाटलं, बघितलंत ना, मी कशी आहे ते.

गिऱ्हाइकं खायची. वाट्या पुसून परत यायच्या. तक्रार कुणी केली नाही. फक्त जुनी माणसं अधूनमधून गल्ल्याजवळ जाऊन सासूबाईंना म्हणायची, "चांगला असतो हो, पण तुमच्या हाताची सर नाही." सासूबाई हसायच्या आणि म्हणायच्या, "करते बिचारी मन लावून." हे शब्द आत स्वयंपाकघरात ऐकू यायचे आणि थोरली दुसऱ्या दिवशी मूळ आणखी जोरात किसायची.

मग आला तो ताप. तीन दिवस ती वर पांघरुणात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून एकदम खोकण्याचा, खुर्च्या सरकवण्याचा, हसण्याचा असा काही गलका ऐकू आला की तिला वाटलं, आग लागली. ती भिंतीला धरून जिन्यात आली. खाली आठही टेबलांवर माणसं डोळे पुसत होती आणि खात होती. शिंकत होती आणि खात होती. समोरचा घड्याळं दुरुस्त करणारा टेबलावर मूठ आपटत होता. त्याला सगळे काटा म्हणायचे, एक तर धंद्यामुळे आणि दुसरं जिभेमुळे. तो ओरडत होता, "अरे, कोणी केलाय हा? बारा वर्षांनी या वाटीत जीव आला!"

बारा वर्षांनी! नेमके मोजून बारा म्हणाला मेला.

थोरली तिथेच पायरीवर बसली. तिला वाटलं ताप चढला, पण तो ताप नव्हता.

त्या दिवसानंतर काय, जो तो विचारायचा, "धाकटीचा आहे का?" धाकटीचा असला तर दोन वाट्या मागायचे. थोरलीचा असला तर, "चालेल, चालेल" म्हणायचे. त्या 'चालेल'नं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, धाकटीनं जरा तोरा मिरवावा, म्हणजे हिला भांडता तरी येईल! तेही नाही. धाकटी ताई-ताई करत मागे फिरायची. मूळ तेच, व्हिनेगर तेच, साय त्याच पातेल्यातली. थोरलीनं चोरून तिच्या वाटीतलं चाखलं आणि टाळूला झिणझिण्या आल्या. आपलं चाखलं, तर ते शहाण्या मुलासारखं जिभेवर गप्प बसून राहिलं.

"काय घालते हो ती?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नवरा भट्टीत डोकं घालून म्हणाला, "हाताला चव असते एकेकाच्या."

त्या रात्री त्याला जेवायला वाढताना तिनं पातेलं आपटलं. त्याला कारण कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

त्यातच सासूबाईंनी सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून त्या मुलीकडे राहायला जाणार. त्यांच्या खुर्चीत कोणीतरी बसायला हवं. "एकीनं स्वयंपाकघर बघा, एकीनं बाहेरचं. जिच्या हातचं लोकांना आवडतं ती आत राहील. शनिवारी सांगते." आता यात काय सांगायचं राहिलं होतं? थोरलीला स्पष्ट दिसत होतं: आपण गल्ल्यामागे खुर्चीत, येणाऱ्याजाणाऱ्याला "या, बसा" म्हणणार, आणि आत आपल्या किसणीवर ती. बारा वर्षांत तिनं त्या स्वयंपाकघराची फरशी न् फरशी घासली होती. कुठला खिळा सैल आहे, कुठल्या खिडकीतून वारा आत येतो आणि कुठल्या खिडकीतून बाहेर जातो, तिला डोळे मिटून सांगता यायचं. ते सोडून बाहेर बसायचं, या विचारानंच तिला रडू फुटायचं. हो, त्याच बाईला, जिचा हात कधी थांबला नाही.

म्हणून मंगळवारी तिनं पाळत ठेवली. भाजी आणायला जाते म्हणून निघाली आणि कोठीच्या दारामागे उभी राहिली.

धाकटी किसायला बसली. चार तुकडे झाले नाहीत तोच तिचं नाक लाल, डोळे लाल, पदर तोंडावर. हुंदके देत, थांबत, "आई गं, आई गं" करत तिनं कसंबसं किसून संपवलं. आणि मग काय केलं तर परात तशीच उघडी टाकली, किसणी त्यातच, आणि तडक मागच्या दारानं पायऱ्यांवर पळाली! तिथे बसून पदरानं वारा घेतला. नाक शिंकरलं. शेजारच्या मांजराशी बोलली. चांगली तीन-चार मिनिटं गेली. मग आत येऊन तिनं व्हिनेगर घातलं.

थोरलीला हर्षच झाला. सापडली! काम अर्धवट टाकून उठते, परात उघडी, मांजर येतं-जातं, आणि हिला म्हणे स्वयंपाकघर द्यायचं! ती तशीच बाहेर सासूबाईंकडे गेली. दुपारची गर्दी अजून व्हायची होती आणि सासूबाई खुर्चीत मटार सोलत होत्या.

"आई, तुम्हाला सांगणार नव्हते," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. मांजरंसुद्धा दोन केली.

सासूबाईंचा हात मटारावर थांबला नाही. "मग? मीच सांगितलंय तिला दम खायला."

"अहो पण असा? तशीच टाकून? मी बारा वर्षांत एकदा तरी उठले का जागची?"

"नाही उठलीस."

"मग?"

सासूबाईंनी एक शेंग मोडली. "दम आपण नाही खायचा गं. मूळ खातं. किसलं की त्याला तसंच सोडायचं, तीन-चार मिनिटं. तेवढ्यात ते चढतं, तिखट होतं. व्हिनेगर पडलं की जिथल्या तिथे थांबतं. तू लगेच घालतेस, म्हणजे चढायच्या आत त्याचं तोंड दाबतेस."

थोरली उभीच राहिली. बारा वर्षं! रोज हात न थांबवता, डोळे फुटेस्तोवर, आणि चूक काय तर हात थांबवला नाही ही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत? मी रोज तुमच्यासमोर आणून ठेवत होते! रोज विचारत होते, कसा झालाय!"

सासूबाईंनी मटाराचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. म्हातारीनं आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती आणि आजही मागितली नाही. पण खोटंही बोलली नाही.

"तू आलीस तेव्हा मी काही एवढी म्हातारी नव्हते. मुलगा म्हणाला, आता बस आई, ती करेल. बसले. मग लोक इथे येऊन म्हणायचे, तुमच्या हाताची सर नाही. मला बरं वाटायचं. पहिल्यांदा वाटलं, आज नको, उद्या सांगू. मग रोजच बरं वाटायला लागलं." त्यांनी मांडीवरची सालं झटकली. "धाकटी आली तोवर माझी हौस फिटली होती. तिला सांगताना काही वाटलं नाही. पण तिलाही नीट कुठे सांगितलंय? दम खा एवढंच म्हटलं. ती आपली घाबरट, म्हणून जमलं."

म्हणजे धाकटीला माहीतच नव्हतं! हे एवढं एक वाक्य थोरलीनं मनात धरलं, बाकी सगळं बाजूला पडलं. सासूबाईंवर संतापायचं तर होतंच, आयुष्यभर पुरेल एवढं संतापायचं होतं, पण ते नंतर. आधी शनिवार.

बुधवारी आणि गुरुवारी तिनं स्वतः केला. मुळाला दम खाऊ दिला. घड्याळाकडे बघत, हात मांडीखाली दाबून बसली, कारण हाताला सवय नव्हती. सॉस असा चढला की काट्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. "वा!" तो डोळे पुसत म्हणाला, "धाकटी म्हणजे धाकटीच!"

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. काय सांगणार? की हा माझा आहे? त्यानं विचारलं असतं, मग आजवर काय झालं होतं?

शनिवारी सकाळी धाकटी नाचतच खाली आली. डोक्यावर पोहायचा चष्मा, निळ्या काचांचा, मागे रबराचा पट्टा. "ताई, बघा! ह्यांनी आणला. नाकाला चिमटापण आहे. आता मी नाही रडणार. तुमच्यासारखं एका बैठकीत करणार सगळं."

"माझ्यासारखं?"

"मग! मला इतकी लाज वाटते हो. तुम्ही कशा बसता अगदी खांबासारख्या. मी आपली निम्म्यातून पळते. आई आज सांगणार, आणि मला माहितीय त्या काय सांगणार. लोक काय, नव्याचं कौतुक करतात. स्वयंपाकघर तुमचंच आहे, ताई. मला फक्त एकदा तुमच्यासारखं करून दाखवायचंय, म्हणजे आई म्हणायला नकोत की हिला काहीच नीट येत नाही."

थोरलीला खरं तर तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण मत्सर फार तयारीचा असतो, तो आधीच जागा धरून बसलेला असतो. धाकटी निळ्या काचांमागून बेडकासारखी बघत किसायला बसली आणि खरंच उठली नाही. खसाखसा सगळं मूळ संपवलं. मग व्हिनेगरची बाटली उचलून तिनं नाकातल्या आवाजात विचारलं, "लगेच घालू ना, ताई? तुम्ही घालता तसं?"

बाटली परातीवर तिरकी झाली होती. भट्टीकडून नवऱ्याचं खोकणं ऐकू येत होतं. थोरलीनं सुरी पुसली, जागेवर ठेवली, पुन्हा उचलली.

"घाल," ती म्हणाली.

धाकटी चाखत नसे. चाखलं की अर्धा तास कामातून जायची. साय घातली, आठ वाट्या भरल्या आणि आठ टेबलांवर नेऊन ठेवल्या. एक वाटी गल्ल्यावर, सासूबाईंपुढे.

शनिवारची गर्दी. थोरली आतून कान देऊन होती. खोकणं नाही, शिंकणं नाही, खुर्च्यांचा आवाज नाही. माणसं आपली शहाण्यासारखी जेवत होती. थोड्या वेळानं सासूबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. गुडघे गेल्यापासून त्या इतक्या लांब आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात चमचा होता. तो त्यांनी चाटला आणि थोरलीकडे बघितलं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "शिकलीस हो माझ्याकडून."

आणि परत गेल्या.

असं प्रेमानं त्या बारा वर्षांत तिच्याशी एकदाही बोलल्या नव्हत्या. याच मायेसाठी तिनं वाटीमागून वाटी त्यांच्यापुढे ठेवली होती, आणि आता मिळाली तर ती तिला नकोशी झाली.

तेवढ्यात धाकटी धावत आत आली. चष्मा कपाळावर, गाल लाल, तोंडभर हसू. "ताई! ताई, काटाकाका काय म्हणाले माहितीय? एक घास खाल्ला आणि म्हणाले, आज थोरलीनं केलेला दिसतोय! मी म्हटलं नाही हो, मी केलाय. ते म्हणाले छे, अगदी थोरलीसारखा झालाय!" तिनं थोरलीचे दोन्ही हात धरून हलवले. "अगदी तुमच्यासारखा, ताई!"

थोरलीनं हात सोडवून घेतले.

"अगं, नावं ठेवली त्यांनी तुला," ती म्हणाली.

"अं?"

"माझा सपक असतो. बारा वर्षं सपकच होता. तुझा तिखट व्हायचा कारण तू बाहेर पळायचीस. तेवढ्या वेळात मूळ चढतं. व्हिनेगर लगेच घातलं की मरतं. मला मंगळवारी कळलं. आज तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं आणि मी 'घाल' म्हणाले."

धाकटीच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, त्याला कुठे जावं ते कळेना. "पण का?"

"जळले म्हणून. आणखी काय असतं?"

धाकटी रडली नाही. इतके दिवस ती मुळानं रडत होती आणि आता कारण मिळालं तर डोळे कोरडे. तिनं चष्मा कपाळावरून काढून ओट्यावर ठेवला. एक नवं मूळ उचललं, सुरी घेतली आणि सोलायला लागली. थोरलीकडे न बघता म्हणाली, "बाहेरच्या वाट्या उचलून आणा. सगळ्या. तुम्हीच आणा."

"लोक जेवताहेत गं."

"म्हणूनच."

थोरली मोठं ताट घेऊन बाहेर आली. एकेका टेबलापुढे थांबायचं, वाकायचं, वाटी उचलायची. माणसं घास हातात धरून बघत राहिली. भट्टीवरून नवरा बघत राहिला. सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या, त्यांनी मान हलवून नको, नको असं खुणावलं. थोरलीनं त्यांच्यापुढची वाटीसुद्धा उचलली, वर त्यांच्या हातातला चमचाही काढून घेतला.

शेवटी काट्याचं टेबल. त्यानं वाटीवर हात ठेवला. "अहो, नेता कुठे? चालेल की."

"नाही चालायचा," ती म्हणाली. "माझ्यामुळे बिघडलाय. जरा थांबा, नवीन येतोय."

"कोण करतंय?"

आत किसणीचा आवाज सुरू झाला होता.

"धाकटी," थोरली म्हणाली, चांगलं मोठ्यानं, आणि ते म्हणताना पोटात दुखायचं ते दुखलंच.